लॅपटॉपची सोयरीक

लॅपटॉप कसा आहे हे नंतर पाहावं, आधी तो कोणाच्या घरचा आहे ते पाहावं, असं भगवानरावांचं मत होतं. दुकानाच्या काचेत सगळेच लॅपटॉप गुणी दिसतात. मांडवात वाईट वागलेला नवरदेव आजवर कोणी पाहिलाय? चार महिन्यांनी सून तापानं फणफणली, की त्या घरची माणसं डॉक्टरला बोलावतात की तिच्या माहेरी फोन लावतात, त्यावरून घराणं कळतं. तेव्हा लॅपटॉप आजारी पडल्यावर कंपनीची माणसं कशी वागतात, याची चौकशी आधी करायची. आणि ती कंपनीला विचारून करायची नाही. सोयरिकीची चौकशी कधी त्याच घरात जाऊन करतात का? समोरच्या चहावाल्याकडं करतात.

भगवानराव रेल्वेत गार्ड होते, पूर्णा जंक्शनवरून निवृत्त झालेले. तेहतीस वर्षं त्यांनी गाडीच्या सगळ्यात शेवटच्या डब्यात बसून काढली, त्यामुळं सगळे पुढं निघून गेल्यावर मागं काय उरतं ते पाहायची त्यांना सवय होती. जे पाहिलं ते वेळेसकट वहीत लिहायचं आणि शेवटी दहापैकी गुण द्यायचे. गुण शाईनं. "पेन्सिलीनं लिहिलेलं खोडता येतं, आणि खोडता येतं ते रेकॉर्ड नसतं," असं ते म्हणत. सातच्या वर त्यांनी कधी कुणाला दिले नाहीत. त्यांच्या पत्नीच्या, कस्तुराबाईंच्या, पुरणपोळीला एका होळीला सात मिळाले होते, तो घरातला विक्रम. आठ का नाहीत, असं बाईंनी विचारलं तेव्हा भगवानराव म्हणाले होते, "आठ दिले की माणूस बिघडतो."

त्यांच्या मुलीला, अर्पिताला, एके काळी चौदा स्थळं आली. चौदांचीही चौकशी याच पद्धतीनं झाली आणि साडेपाचच्या वर एकही गेलं नाही. एका घराला तर नुसत्या अंगणातल्या गळक्या नळावरून साडेतीन मिळाले. अर्पिता आता अडतीस वर्षांची आहे, कॉलेजात ग्रंथपाल आहे, आणि याबद्दल तिची काही तक्रार नाही. तक्रारी या गोष्टीत पुढं भरपूर आहेत, त्यात ही एक नको.

तर दिवाळीत भगवानरावांनी जाहीर केलं, की अर्पिताला नवा लॅपटॉप घ्यायचा. जुन्याची बिजागरी गेली होती. तो उघडा राहावा म्हणून मागं शब्दकोशाचा जाडजूड खंड टेकवावा लागे, आणि एखादा शब्द पाहायला खंड काढला की लॅपटॉप मिटून तिच्या बोटांवर पडे. दिवाळीपासून चौकशी सुरू झाली. आणि पौषातल्या एका शुक्रवारी पहाटे, चौकशी अर्धी टाकून, भगवानराव झोपेतच गेले.

चैत्रात कस्तुराबाईंनी वही कपाटातून काढली आणि अर्पितापुढं ठेवली.

"यांनी ठरवलेलाच घ्यायचा. दुसरा न्हाई."

"आई, पण त्यांनी काय ठरवलं होतं?"

"लिव्हलं असंल की त्यात. न लिव्हता राहणारा माणूस हाय का?"

'हाय' असंच त्या म्हणाल्या, 'होता' नाही. अर्पितानं दुरुस्ती केली नाही. वही उघडली.

वहीत कंपन्यांची नावं नव्हती. घराणं गावावरून ओळखायचं या नियमानं, ज्या कंपनीचं दुरुस्ती केंद्र ज्या गावात, ते तिचं गाव. शेवटच्या फेरीत तीन घराणी उरली होती: नांदेडचे, जालन्याचे आणि पुण्याचे. शेवटच्या पानावर निकाल होता. नांदेडचे, सात. जालन्याचे, चार. पुण्याचे, आणि पुढं काहीच नाही. फक्त शाईचा एक ठिपका, पेन टेकवून उचलल्यासारखा.

जालन्याच्या चारांचं कारण वहीतच होतं. "१४.१० केंद्र बंद. १५.४० बंद. १६.२५ बंद. कुलूप चांगल्या कंपनीचं." म्हणजे ते चार गुण कुलपाचे. पण नांदेडच्यांना सात दिल्यावर विषय संपला होता, की पुण्याच्यांसाठी जागा राखून ठेवली होती? अर्पितानं पंधरा वर्षं पुस्तकांत काढली होती. वाळवीनं खाल्लेली पानंसुद्धा तिनं अंदाजानं वाचली होती. कोऱ्या जागेपुढं मात्र तिचं काही चालेना.

भगवानरावांनी काय ठरवलं होतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. अडचण एवढीच, की प्रत्येकाला वेगळं माहीत होतं.

समोरचे बजरंगकाका रेल्वेत ड्रायव्हर होते. अर्धी नोकरी त्यांनी आणि भगवानरावांनी एकाच गाडीवर केली, एक पुढच्या टोकाला, दुसरा मागच्या. त्या काळात दोघांचं बोलणं मुख्यतः शिट्टीनं आणि झेंडीनं चाले, आणि निवृत्तीनंतर तोंडानं सुरू झाल्यावर ते कधी जुळलं नाही.

"नांदेडचा! मला सोता म्हणले, बजरंगा, नांदेडचं घराणं लय चांगलं," काकांनी सांगितलं. आणि लगेच म्हणाले, "पण पोरी, तू काय घेऊ नको त्यो."

"का हो काका?"

"अगं, त्यो मागं बसणारा माणूस. त्याला इंजिनातलं काय कळतंय?"

स्टेशन रोडवर परमेश्वरचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं लॅमिनेशन होतं, पॅनकार्ड निघतं आणि लॅपटॉपही मिळतो. परमेश्वरनं छातीवर हात ठेवून सांगितलं, "ताई, काका मला म्हणले होते, परमेश्वरा, जालन्याचा एक काढून ठेव." दुकानात त्या दिवशी एकच लॅपटॉप शिल्लक होता, आणि तो जालन्याचा होता.

"पण त्यांचं केंद्र तर बंदच असतं."

"कंपनीचं बंद असू द्या की. मी हाय ना उघडा."

कस्तुराबाईंचं मत तिसरंच. "मला वाटतं पुण्याचा. शेवटी शेवटी तिकडचेच फोन लय यायचे. एकदा फोन लागला की हे तास तास बोलायचे. माझ्याशी तेवढं बोलले न्हाईत कधी."

राहिली शेजारची रेणुका. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आणि भगवानरावांची लाडकी. अर्पितानं तिला कुंपणापलीकडून विचारलं, "रेणुका, बाबा तुला काही बोलले होते का गं, लॅपटॉपचं?" तेव्हा रेणुकाचा चेहरा पांढरा पडला. "ताई, गॅसवर दूध ठेवलंय," म्हणाली आणि आत गेली. ती पुढचे तीन दिवस कुंपणापाशी फिरकली नाही. कोणतंही दूध एवढा वेळ तापत नाही, पण अर्पिताच्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

तिनं बाबांच्याच पद्धतीनं पुन्हा चौकशी करायचं ठरवलं. सकाळच्या पॅसेंजरनं ती नांदेडला गेली. वहीत नांदेडचा तक्ता मोठा देखणा होता. चार दिवस केंद्रासमोर बसून भगवानरावांनी बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकांची तीन रकान्यांत नोंद केली होती: हसत, गप, शिव्या देत. हसत एकसष्ट, गप नऊ, शिव्या देत एक. त्या एकापुढं टीप होती: "बायकोला, फोनवर. कंपनीचा दोष नाही."

केंद्रासमोर खरंच चहाचा गाडा होता. गाड्यावरच्या चाचांनी तिच्या हातातली वही पाहिली आणि स्टोव्हची ज्योत बारीक केली.

"ये तो पूर्णेवाले साब की वही है. तुमी कोण बिटिया?"

"मुलगी."

"साब नै दिखे बहुत दिन से. चार चाय पीते थे, शक्कर कम. अब नै आते?"

"आता येत नाहीत," अर्पिता म्हणाली. चाचांनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि न मागता चहा समोर ठेवला. शक्कर कम.

ती बाकावर बसली, वही मांडीवर घेतली आणि पहिलं गिऱ्हाईक बाहेर यायची वाट पाहू लागली. पाच मिनिटं झाली असतील नसतील, केंद्राचं काचेचं दार धाडकन उघडलं आणि गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक जाडसर गृहस्थ धापा टाकत रस्ता ओलांडून आला. त्याच्या ओळखपत्रावर महारुद्र असं नाव होतं, खाली व्यवस्थापक.

"मॅडम, उन्हात कशाला बसल्यात? आत या ना. एसी लावलाय."

"नको, मी इथंच बरी आहे."

"न्हाई म्हणजे, मागच्या साहेबांनापण आमी लय म्हणलो, आत बसा म्हणून. ते बी इथंच बसायचे. वही घेऊन." त्यानं आवाज खाली आणला. "मॅडम, त्यांचा रिपोर्ट वर गेला का? चांगला गेला का?"

"कुठं वर?"

"हेड ऑफिसला. आमाला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तपासणीवर आलेत म्हणून. मग काय मॅडम, ते होते ते चार दिवस आमी असली सर्विस दिली, असली सर्विस दिली, की गिऱ्हाईक घाबरायला लागलं. जुन्या चार्जरच्या बदल्यात नवा चार्जर. पाणी. बिस्किटं. एका म्हाताऱ्याला तर पोरगा गाडीवर बसवून घरी सोडून आला. एसी दोन वर्षं बंद होता, त्यो बी तेव्हाच दुरुस्त केला."

एकसष्ट माणसं का हसत होती, हे अर्पिताला कळलं. बाबा बाहेर बसून त्या घराण्याची खोट शोधत होते, आणि घराणं खिडकीतून बाबांना पाहून शहाण्यासारखं वागत होतं. चौदा स्थळांच्या वेळी हे त्यांच्या ध्यानात आलं असतं. किंवा आलं नसतं, आणि त्या चौदांनाही बाबा दिसले नसतील म्हणून साडेपाच पडले असतील. या विचारानं ती एवढी गोंधळली, की महारुद्रनं हातात दिलेला पेढ्यांचा पुडा घेऊन थेट स्टेशनवर आली. गाडीत बसल्यावर तिनं सातचा आकडा पुन्हा पाहिला. तो खोटा ठरला होता, पण शाईचा होता. तिनं तो खोडला नाही.

सोमवारी सकाळी अकराला भगवानरावांचा फोन वाजला.

कस्तुराबाई तो फोन रोज त्याच जागी चार्जिंगला लावत. कशासाठी, असं कोणी विचारत नसे. त्यांनी तो हातभर लांब धरून, गरम तव्यासारखा, अर्पितापाशी आणला.

"नमस्कार, मी निकिता बोलते, ग्राहक सेवा, पुणे. भगवानराव सर बोलतायत का? सर, आपली स्क्रीन थरथरण्याची तक्रार अजून उघडी आहे, तीन महिन्यांनी यादीत पुन्हा वर आली. आज तरी आपलं समाधान झालं का?"

अर्पितानं तोंड उघडलं. घरात पुण्याच्यांचा लॅपटॉप नव्हता. कधीच नव्हता. आणि दुसरंही एक कारण होतं.

"ते आता नाहीत. म्हणजे, बाहेर गेलेत," ती म्हणाली.

"हरकत नाही मॅम, मी परवा करते. सर नेहमी परवाच म्हणतात."

पुण्याची पानं अर्पितानं आधी वाचलीच नव्हती, कारण तिला ती सगळी गाड्यांच्या वेळा वाटली होती. आता बसून वाचली. "१०.४२ फोन लावला. १०.४३ मराठीसाठी तीन दाबा. दाबले. १०.४४ हिंदी सुरू झालं. ११.०६ निकिताबाई आल्या. २२ मिनिटं लेट. कारण सांगितलं नाही." पुढं: "तक्रार नोंदवली: स्क्रीन थरथरते. यंत्र: रेणुकाचं, एक तासासाठी मागून आणलं. यंत्रास काही झालेलं नाही." पुढं: "पहिली भेट. सुगत, परभणीहून. स्क्रीन थरथरली नाही. पोहे खाल्ले." दुसरी भेट, तिसरी भेट. स्क्रीन थरथरली नाही, पोहे खाल्ले.

अर्पिता वही घेऊन शेजारी गेली. रेणुका वही पाहूनच रडायला लागली.

"ताई, मी सांगणारच होते. पण तुमच्या घरात असं झालेलं, मी कोणत्या तोंडानं येऊन म्हणू, की माझा लॅपटॉप बिघडला म्हणून?"

"बिघडला? वहीत तर चांगला आहे म्हणून लिहिलंय."

"चांगलाच होता हो! काका आले आणि म्हणले, पोरी, तुझ्या या सुनेला आपण जरा आजारी पाडू. नुसतं सांगायचं आजारी म्हणून. बघू सासरची माणसं काय करायलीत. मी म्हणलं घ्या की काका. त्यांनी उलटा करून नंबर उतरवून घेतला आणि फोनवर आपल्याच नावानं नोंदवला. तीन वेळा त्यो माणूस आला, त्याला काही सापडंना. मग कंपनीनं न विचारताच नवी स्क्रीन पाठवली. मंगळवारी त्याच माणसानं बसवली. आणि बुधवारपासून ताई, ती खरंच थरथरायला लागली."

"बाबांना कळलं होतं?"

"मीच सांगितलं की. इतके खूश झाले! म्हणले, आता खरी परीक्षा. शुक्रवारी फोन लावतो." रेणुकानं पदरानं डोळे पुसले. "आणि शुक्रवारी..."

तीन महिने ती शाळेतल्या पोरांची माहिती त्या थरथरत्या स्क्रीनवर भरत होती. डोकं दुखतं म्हणून तिनं चष्मा करून घेतला होता. चष्म्यातून स्क्रीन जास्त स्पष्ट थरथरत होती. तिला स्वतः तक्रार करता येत नव्हती, कारण कंपनीच्या दप्तरी तो लॅपटॉप भगवानरावांचा होता.

आता प्रश्न नुसता निवडीचा राहिला नाही. बाबांच्या शब्दावर शेजारणीनं धडधाकट सून दिली होती आणि ती आजारी होऊन परत आली होती. ती बरी केल्याशिवाय अर्पिताला गल्लीतून मान वर करून जाता येणार नव्हतं.

बुधवारी निकिताचा फोन आला. अर्पिता या वेळी उभी राहून बोलली.

"माझे वडील वारले. पौषात."

"ओके मॅम. मग ते साधारण कधीपर्यंत उपलब्ध होतील?"

अर्पितानं फोन कानावरून काढून त्याच्याकडं एकदा पाहिलं. मग निकिताचा आवाज आला, आधीच्यापेक्षा हळू. "सॉरी मॅम. मी समोर लिहिलेलं असतं ते वाचत होते. सर? वहीवाले सर?"

"हो."

"ते मला लेट किती झाला ते सांगायचे. आमच्या टीममध्ये सगळ्यांना माहीत होते ते."  मग ती नाइलाजानं पुन्हा समोरचं वाचू लागली. तक्रारीवर पुढं काही करायचं तर ग्राहकाची संमती लागेल. ग्राहक नसेल तर मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि सोबतचा फॉर्म.

परमेश्वरनं दाखला पाहून झेरॉक्सचं झाकण उघडलं. या तीन महिन्यांत बँक, पेन्शन, गॅस, वीज, रेशन असं करत अर्पितानं त्याच्याकडून एवढ्या प्रती काढल्या होत्या, की कागद कसा ठेवायचा हे त्याला सांगावं लागत नसे. "आता कोण ऱ्हायलं ताई?"

"लॅपटॉपवाले."

"घेतला व्हय? कोणता?"

"घेतला नाही. त्याच्या आधीच दाखला मागायलेत."

परमेश्वरनं जालन्याच्या लॅपटॉपकडं एकदा अभिमानानं पाहिलं.

तहसीलसमोर झाडाखाली बसणाऱ्या मुद्रांक लेखनिकानं तर टंकयंत्रावरचे हातच काढून घेतले. "बाई, मी शेताचा वारस लावलाय, घराचा लावलाय, एकदा बंदुकीचा बी लावलाय. तक्रारीचा वारस पहिल्यांदाच लिहायलोय. वारस किती?"

"आम्ही दोघी. आई आणि मी."

"मग अर्धी अर्धी लिहू का तक्रार, का सामाईक ठेवायची?"

सामाईक ठेवली. कागद पुण्याला गेले. आठ दिवसांनी परत आले. फॉर्मवर 'ग्राहकाची सही' हा रकाना कोरा होता, आणि तो कोरा चालत नव्हता. अर्पितानं तिथं 'वारस' लिहून स्वतःची सही केली. पुन्हा आठ दिवसांनी परत आले. सही ग्राहकाच्या सहीशी जुळत नव्हती. पुस्तकं उशिरा आणणाऱ्या प्राध्यापकांना नुसत्या नजरेनं गप्प बसवणारी अर्पिता, आपली सही आपल्या वडिलांसारखी का नाही, याचा खुलासा लिहायला बसली.

बजरंगकाकांनी ओट्यावरून सल्ला दिला, की अशा वेळी सरळ आमदाराकडं जावं. आमदाराचा लॅपटॉप कोणत्या घराण्याचा, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं.

शेवटी निकितानंच मार्ग काढला. हे सगळं होईपर्यंत ती दर तिसऱ्या दिवशी न चुकता फोन करत होती, आणि दर वेळी आधी सांगत होती, "मॅम, आज तीन मिनिटं लेट." त्या दिवशी ती जरा चाचरत म्हणाली, "मॅम, आमच्याकडं एक पर्याय आहे. 'ग्राहक बोलू शकत नाही.' तो घसा बसलेल्या ग्राहकांसाठी ठेवलाय. तो निवडला तर घरच्या कोणाचीही संमती चालते. निवडू का?"

अर्पितानं अर्धवट लिहिलेला खुलासा बाजूला सारला.

"निवडा," ती म्हणाली. "खोटं तर नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुगत आला. चाळिशीचा, खांद्याला काळी बॅग, टोपी काढून दारात उभा राहिला. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. कंपनीनं पाठवलेल्या कागदावर फक्त घसा बसल्याचं होतं. भिंतीवरचा हार घातलेला फोटो पाहून तो तसाच चौकटीत थांबला. मग चपला काढून आत आला, फोटोला हात जोडले, आणि खुर्चीवर न बसता खाली बसला.

रेणुकानं लॅपटॉप आणून दिला. त्यानं तो उघडला, आत पाहिलं, आणि स्वतःवरच चिडल्यासारखं 'च्च' केलं.

"माझीच चूक हाय ताई. एक वायर नीट बसलेली न्हाई. स्क्रीन बसवली त्या दिवशी काका मिरखेल स्टेशनची गोष्ट सांगत होते. इंजिन डबे सोडून एकटंच पुढं गेलं, आणि काका मागं डब्यात बसून झेंडी दाखवायलेत, गाडी का हलंना म्हणून. मी इतका हसलो, की हात हलला."

"खोटं हाय ते!" ओट्यावरून बजरंगकाकांचा आवाज आला. "शंभर पावलं गेलो असंन फक्त!"

"तुम्हाला कळलं नव्हतं का," अर्पितानं विचारलं, "की आधी काही बिघडलेलंच नव्हतं?"

सुगत वायर दाबत होता. त्यानं मान वर केली नाही. "पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी निघताना काका म्हणले, पुढच्या वेळी बी तूच ये. मी म्हणलं, काका, मग तक्रार चालू ठेवा." त्यानं नवी स्क्रीन आणली होती, पण तिची गरज लागली नाही. लॅपटॉप सुरू झाला. दोघींनी वाकून पाहिलं. स्क्रीन स्थिर होती. रेणुकानं चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं, आणि पुन्हा रडायला लागली, पण या वेळी हसत.

कस्तुराबाई कधी आत गेल्या होत्या ते कुणाला कळलं नव्हतं. त्या पोह्यांची बशी घेऊन बाहेर आल्या. सुगतनं खाल्ले.

संध्याकाळी निकिताचा फोन आला. अर्पितानं तो आईला ऐकू यावा म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला.

"मॅम, तक्रार आता बंद करायची. कारण निवडावं लागतं. एक आहे 'ग्राहकाचं समाधान झालं.' दुसरं आहे 'ग्राहक उपलब्ध नाही.' कोणतं टाकू?"

अर्पिता काही बोलायच्या आत कस्तुराबाई पुढं सरकल्या. "उपलब्ध न्हाई म्हणं! रोज फोन चार्ज करते मी. समाधान झालं लिव्हा, बाई."

"लिहिलं, काकू," निकिता म्हणाली. पण तिनं फोन ठेवला नाही. "काकू, मी आता परवा फोन करणार नाही. म्हणजे, आता करता येत नाही."

"जेवलीस का?" कस्तुराबाईंनी विचारलं.

फोन ठेवला आणि मिनिटभरात भगवानरावांच्या फोनवर संदेश आला. आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल? एक ते दहा यातला एक आकडा पाठवा.

अर्पितानं वही आणली. शेवटचं पान उघडलं. नांदेडचे सात, जालन्याचे चार, पुण्याचे, आणि तो ठिपका.

"किती दिले असते गं त्यांनी?" कस्तुराबाई म्हणाल्या.

"त्यांनी लेट झाल्याचे कापले असते. वायरचे कापले असते. फॉर्मचे तर कापलेच असते." तिनं हिशोब केला. "पण बिघडल्यावर तेच आले, आई. आपल्याकडं त्यांचं यंत्र नसताना आले. सात."

"सात तर नांदेडला बी हायेत."

"ते खोटे आहेत."

"खोटे असले तरी त्यांच्या हातचे हायेत. ते खोडायचे न्हाईत." कस्तुराबाईंनी पदराच्या टोकानं फोनची काच पुसली.  मग म्हणाल्या, "आठ दे."

"आठ? बाबांनी? आई, त्यांनी तुझ्या पुरणपोळीला..."

"दे म्हणते ना. न्हाई पटलं तर येतील आणि खोडतील."

अर्पितानं आठ दाबलं. मग वहीतल्या त्या ठिपक्याशेजारीही आठ लिहिलं. पेन हाताशीच होतं, पण तिनं ते घेतलं नाही. पेन्सिलीनं लिहिलं.